कॉम्प्युटर, पत्रे आणि कळमनुरीचा मे महिना

‘कॉम्प्युटर म्हटलं की एसी आलाच’ ही समजूत आपल्या पिढीच्या डोक्यात शाळेच्या लॅबपासून बसलेली आहे. चपला बाहेर, दार बंद, आत गारेगार. पुढे इंजिनिअर होऊन पुण्यात आलो, आणि ऑफिसात ऐन मे महिन्यात स्वेटर घालून बसायला लागलो. म्हणजे समजूत आणखीनच पक्की!

तिला धक्का दिला माझ्या एका मित्राने. कळमनुरीत त्याचं दुकान आहे. ऑनलाइन फॉर्म, दाखले, पीक विमा, झेरॉक्स. दहा बाय बाराचा गाळा, वर पत्रे, आत चार कॉम्प्युटर, दोन प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन आणि कोपऱ्यात इन्व्हर्टर. आमच्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसला टेकणं काही नवीन नाही, आणि त्याचा सीझनही नेमका तोच. बारावीचा निकाल लागला की उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन क्रिमिलेयर, सगळ्यांची रांग. दुपारी एक ते चार कॉम्प्युटर रखडत चालायचे, आणि इन्व्हर्टरची बॅटरी दोन उन्हाळ्यांत गेली. त्याचा फोन आला, "दीड टनाचा एसी घ्यावा म्हणतो हप्त्यावर. तू कॉम्प्युटरवाला ना, सांग बरं."

हप्ता जवळजवळ गाळ्याच्या भाड्याइतका होता. त्यामुळे ‘घेऊन टाक’ असं तोंडातून निघेना. म्हटलं, आधी हिशोब करू.

हिशोब तसा सोपा आहे. खोलीतली यंत्रं जेवढे वॅट खातात, त्या सगळ्याची शेवटी उष्णता होते. साधा ऑफिसचा कॉम्प्युटर मॉनिटरसकट शंभर वॅट धरा. चारांचे झाले चारशे. प्रिंटर, झेरॉक्स आणि इन्व्हर्टर मिळून आणखी दोनशे. आता माणसं. नुसता बसलेला माणूस साधारण शंभर वॅट उष्णता सोडतो. दुकानात आठ जण उभे असले की झाले आठशे! म्हणजे यंत्रांपेक्षा गिऱ्हाईकंच जास्त तापतात. (हे ऐकून मित्र म्हणाला, "मग गिऱ्हाईकं बंद करू का?")

खरी गंमत पुढे आहे. मे महिन्यात भर दुपारी एका चौरस मीटरवर जवळजवळ हजार वॅटचं ऊन पडतं. गाळ्याचा पत्रा अकरा चौरस मीटर. म्हणजे डोक्यावर दहा हजार वॅटची शेगडी! त्यातला पाचवा हिस्सा जरी खाली उतरला तरी दोन हजार वॅट. बिचाऱ्या कॉम्प्युटरांवर आपण उगाच आळ घेत होतो.

एसीचा एक टन म्हणजे साडेतीन हजार वॅट उष्णता बाहेर काढण्याची ताकद. तेव्हा कागदावर दीड टन पुरतो. पण त्यासाठी शटरच्या जागी काचेचं दार लावावं लागेल. आणि काचेचं दार दिसलं की खेड्यातून आलेला म्हातारा माणूस चपला काढून बाहेरच उभा राहतो, आत यायला बिचकतो. हा मुद्दा माझ्या हिशोबात नव्हता, मित्रानेच सांगितला. बाकी ब्रोशरमध्ये तो सापडणार नाही.

मग काय करायचं? पहिलं काम पत्र्यावर. पांढऱ्या चुन्याचा ताजा थर निम्म्याहून जास्त ऊन परत फेकतो. शेजारच्या तेलंगणाने तर २०२३ मध्ये अशा ‘कूल रूफ’चं सरकारी धोरणच आणलं. आपल्या मराठवाड्यातल्या जुन्या माळवदांनी हेच काम मातीच्या जाड थराने केलं होतं. ऊन खाली उतरेपर्यंत संध्याकाळ व्हायची. पत्र्याला ती सोय नाही, म्हणून चुना, आणि त्याच्या वर फूटभर अंतर सोडून शेतातली शेडनेट.

दुसरं काम कूलर. आमची मे महिन्यातली हवा इतकी कोरडी असते की कूलर तिथे राजा आहे. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे पाऊण युनिट विजेइतकी उष्णता घेऊन जातं. बाहेर ४२ डिग्री आणि दमटपणा १५ टक्के असेल तर चांगला कूलर २७ डिग्रीपर्यंतची हवा देऊ शकतो. अट एकच, आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट हवी. म्हणून कूलर पुढे, आणि मागच्या भिंतीला वर एक्झॉस्ट फॅन. दार उघडं ठेवलं तरी चालतं, उलट ठेवायलाच हवं. जुलैत हवा दमट झाली की कूलरचा जोर संपतो, पण तोवर ऊनही उतरलेलं असतं.

फुकट मात्र काहीच नाही. असा कूलर दिवसाला सत्तर-ऐंशी लिटर पाणी सहज पितो. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या मराठवाड्यात ही काही छोटी गोष्ट नाही. जवळ इसापूरचं धरण आहे म्हणून पाणी उधळावं असंही नाही. तरी एसीचे रोजचे आठ-दहा युनिट आणि तो हप्ता बघता मित्राने बोअरचं पाणी निवडलं. इन्व्हर्टर पत्र्याखालच्या कोपऱ्यातून काढून सावलीतल्या मागच्या पडवीत ठेवला, कारण पंचविशीच्या वर दर आठ-दहा डिग्रीला अशा बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं.

हे सगळं करताना एक गोष्ट माझ्या डोक्यात नव्याने शिरली. सर्वसाधारण सर्व्हरसुद्धा ३५ डिग्रीच्या हवेत चालावा अशाच बेताने बनवलेला असतो. प्रोसेसर तर शंभरच्या आसपास गेल्यावर स्वतःच वेग कमी करून जीव वाचवतो. रखडायचा तो त्यामुळेच, आणि निम्मा दोष पंख्यात साचलेल्या धुळीचाही होता. ब्लोअर मारल्यावर दोन्ही मशिनं सुधारली. दोन तास रांगेत उभ्या असलेल्या बाईला मात्र स्वतःचा वेग कमी करायची सोय नसते. तिला दाखला आजच हवा असतो, कारण पोरीच्या ॲडमिशनची तारीख उद्याची असते.

आता कूलरचं तोंड कॉम्प्युटरकडे नाही, बाकड्याकडे आहे. मित्राला विचारलं, एसीचं काय ठरलं? म्हणाला, "बघू पुढच्या साली. आधी अजून एक बाकडं घेतो."