रणगाड्याच्या पोटाखालून

रामा राघोबा राणे यांचे वडील पोलीस शिपाई. बदलीचा हुकूम आला की बिऱ्हाड हलायचं आणि मुलाची शाळाही बदलायची. मूळचा कारवारजवळच्या चेंडिये गावचा, 26 जून 1918 रोजी जन्मलेला हा मुलगा 1940 मध्ये फौजेत भरती झाला. पलटण मिळाली ती खडकीच्या बॉम्बे सॅपर्सची. पूल बांधायचे, वेळ आली तर तेच उडवायचे, सुरुंग पेरायचे आणि शत्रूने पेरलेले काढायचे, हे सॅपरचं काम. ब्रह्मदेशात आराकानच्या आघाडीवर त्यांनी ते जपान्यांसमोर केलं.

एप्रिल 1948. काश्मीरचं युद्ध चालू होतं. राजौरीत अडकलेल्या लोकांपर्यंत पोचायचं होतं आणि नौशेऱ्याहून जाणाऱ्या डोंगरी रस्त्यावर जागोजाग सुरुंग आणि आडवी पाडलेली झाडं. 8 तारखेला काम सुरू होताच उखळी तोफांचे गोळे पडले. राण्यांचे दोन जवान गेले, पाच जखमी झाले. त्या पाचांत ते स्वतः होते. तरी त्यांनी जागा सोडली नाही. पुढे तर ते चालत्या रणगाड्याच्या पोटाखाली शिरले. सरपटत सुरुंग शोधायचे आणि दोरी ओढून चालकाला खूण करायची, थांब किंवा चल. वर पोलादाचं धूड, खाली सुरुंग! 11 तारखेला सकाळी सहाला हाती घेतलेलं काम रात्री दहापर्यंत चाललं. दुसऱ्या दिवशी राजौरी आपल्या ताब्यात आली.

या पराक्रमासाठी त्यांना परमवीर चक्र मिळालं, ते पदक छातीवर लावायला ते हयात होते आणि हयातीत तो मान मिळणारे फार थोडे.

मला मात्र त्यांचं नंतरचं आयुष्य तितकंच मोठं वाटतं. 1955 मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी त्यांचं लग्न झालं. पत्नी राजेश्वरीबाई आणि चार मुलं असा संसार. ऐन तारुण्य आघाडीवर गेलेल्या या माणसाला घर उशिरा मिळालं. 1958 मध्ये ते मेजर म्हणून निवृत्त झाले, पण लष्करानेच पुन्हा कामावर घेतलं आणि ती नोकरी 1971 पर्यंत चालली. घरात मुलं लहान असताना ही दुसरी नोकरी किती मोलाची असते, ते फौजी घरांना वेगळं सांगायला नको.

कारवारच्या किनाऱ्यावर त्यांचा पुतळा आहे. शेजारीच आयएनएस चपळ ही युद्धनौका संग्रहालय म्हणून उभी. मी तिथे गेलो तेव्हा गर्दी नौकेपाशी होती. साहजिकच आहे. पण पोरांना नौकेवर चढवण्याआधी आईबापांनी त्या दोरीची गोष्ट सांगावी असं फार वाटलं.

11 जुलै 1994 रोजी पुण्यातल्या लष्करी रुग्णालयात राणे गेले. 2023 मध्ये अंदमानातल्या एका बेटाला त्यांचं नाव दिलं गेलं.