गल्ल्यावर बसणाऱ्या भाचीस

चि. सोनूस,


परवा बोलता बोलता तू सांगितलंस, की तुमच्या मेडिकलच्या काउंटरवर मालकांनी ‘१० रुपयांची नाणी घेतली जाणार नाहीत’ अशी चिठ्ठी चिकटवली आहे, आणि त्यापायी एक आजोबा रक्तदाबाच्या गोळ्या तिथेच ठेवून परत गेले. त्यांच्याजवळ नाण्यांशिवाय काही नव्हतं. तू हे सांगून पुढच्या विषयावर गेलीस. नवी नोकरी, मालकांचा शब्द, तुझाही इलाज नव्हता. मला मात्र ती गोष्ट सोडवेना. फोनवर हे सगळं नीट सांगता आलं नसतं म्हणून लिहायला बसले. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा सावकाश वाच.

तुला ठाऊकच आहे, माझी सगळी नोकरी बँकेच्या कॅशमध्ये गेली. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी भाजीवाल्या बायका फडक्यात बांधलेली चिल्लर घेऊन यायच्या. गाठ सोडली की नाण्यांबरोबर माती आणि कोथिंबिरीच्या काड्याही काउंटरवर पडायच्या. देवळाच्या दानपेटीतली नाणी यायची ती हळदीकुंकवानं माखलेली. लग्नसराईनंतर आहेराच्या पाकिटांवरचे रुपये यायचे, पाठीला डिंक आणि कागदाचा कपटा चिकटलेला. आम्ही पाच-पाच नाणी बोटांनी काउंटरच्या कडेवरून तळहातात ओढायचो आणि शंभर झाली की थैली बांधायचो. वर्षानुवर्षं असं मोजलं की नाणं बोटांनाच ओळखू येतं. त्या बोटांच्या भरवशावर तुला सांगते, लोकांनी दुकानात नाकारलेली म्हणून माझ्यापुढे आलेली दहाची नाणी चांगली होती.

एक नाणं हातात घे आणि बघ. मधला भाग पांढरा, तो तांबं आणि निकेलचा. बाहेरचं कडं पिवळं, ते अल्युमिनियम-ब्राँझचं. रुंदी २७ मिलिमीटर, वजन ७.७१ ग्रॅम. सालाच्या खाली बारीक हिऱ्याची खूण असेल तर ते आपल्या मुंबईच्या टांकसाळीत, फोर्टात रिझर्व्ह बँकेजवळ पाडलेलं. ठिपका असेल तर नोएडाचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, काहीच नसेल तर कोलकात्याचं. ही माहिती गिऱ्हाइकाला दाखवून बघ. लहान मुलं तर हरखून जातात आणि घरी जाऊन सगळ्या डब्यातली नाणी ओतून बसतात.

आता घोळ कुठून सुरू झाला ते सांगते. रुपयाचं ₹ हे चिन्ह ठरलं २०१० मध्ये आणि नाण्यावर आलं २०११ पासून. त्याआधीच्या दहाच्या नाण्यावर हे चिन्ह नाही आणि आकड्याच्या वर पंधरा रेघा आहेत. नंतरच्यावर चिन्ह आहे आणि रेघा दहा. एकाच वेळी दोन्ही तऱ्हेची नाणी बाजारात फिरू लागली, आणि कुणीतरी उठवलं की पंधरा रेघांचं खोटं. मोबाइलवर चित्रं फिरली, बाणाच्या खुणा करून. त्यातच नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली. हातातला पैसा एका रात्रीत बाद होतो हे लोकांनी प्रत्यक्ष पाहिलं होतं, मग अशा अफवेवर विश्वास बसायला वेळ तो काय लागणार? त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेला खुलासा करावा लागला की चिन्ह असलेलं आणि नसलेलं, दोन्ही नाणी चलनात आहेत. जानेवारी २०१८ मध्ये पुन्हा एक खुलासा निघाला, की तोवर दहाची नाणी १४ नमुन्यांत काढलेली आहेत आणि सगळी चालू आहेत. लोकांच्या शंकांसाठी १४४४० हा फोन नंबरही दिला होता.

त्या नमुन्यांत डॉ. आंबेडकरांच्या १२५ व्या जयंतीनिमित्त २०१५ मध्ये काढलेलं नाणंही आहे. बाबासाहेबांनी १९२३ मध्ये ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ लिहिला, रुपयाची किंमत टिकली नाही तर गरिबाचं काय होतं याचा सखोल विचार केला. त्यांची छबी असलेलं नाणं घेऊन आलेल्या माणसाला महाराष्ट्रातला दुकानदार ‘हे चालत नाही’ म्हणतो, ते मला फार लागतं.

एवढे खुलासे होऊनही तुमच्या काउंटरवर ती चिठ्ठी का? याचं उत्तर मी निवृत्त झाल्यावर शोधलं. आमच्या एसटी स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर मी दहाचं नाणं दिलं. पोरानं ते उलटून बघितलं, बोटानं कड चाचपली आणि परत केलं. “काकू, खरं आहे ओ, पण पुढं कुणी घेत नाही.” मी विचारलं, पुढं म्हणजे कोण? म्हणाला, दूधवाले. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या एजंटाकडे गेले. तोही तेच म्हणाला: नाणं खोटं आहे असं माझं म्हणणं नाही बाई, वसुलीला येतो तो माणूस घेत नाही. वसुलीचा माणूस मोटारसायकलवर बसल्या बसल्या म्हणाला, बँक घेत नाही. कुठली बँक, विचारलं. त्याला सांगता येईना. तो स्वतः कधी नाणी घेऊन बँकेत गेलाच नव्हता. त्याच्या आधीच्या माणसानं त्याला तसं सांगितलं होतं.

सोनू, अख्ख्या साखळीत नाण्याबद्दल शंका असलेला एकही माणूस मला भेटला नाही. प्रत्येकाला पुढच्याची भीती. आपल्याच हातात हे अडकून पडेल, एवढंच. आणि मला वाटतं ही भीती खोटी नाही. दिवसाला थोडकं कमावणाऱ्यानं गल्ल्यात न खपणारी नाणी का साठवावी? म्हणून टपरीवरच्या पोराला मी रागावले नाही. बँकेनंही आपलं काम नीट करायला हवं. नाणी मोजायला वेळ लागतो, ठेवायला जागा लागते, म्हणून ‘आज नको, उद्या या’ म्हणणारे काउंटर मी पाहिले आहेत, आणि अशा एका ‘उद्या या’मुळे गावभर काय पसरतं तेही पाहिलं आहे. नाणी घ्यायची, बदलून द्यायची, असं रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना वारंवार बजावलेलं आहे.

पण याची झळ कुणाला बसते ते बघ. ज्याच्याकडे मोबाइल आहे तो स्कॅन करून मोकळा होतो. त्याच्या खिशात नाणं असलं काय, नसलं काय. नाणी उरतात ती देवळाच्या दारातल्या फुलवालीकडे, हातगाडीवर लिंबू विकणाऱ्याकडे, नातवंडांनी हातावर ठेवलेले पैसे जपणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे. आषाढीच्या वारीत दिंडीबरोबर चालणाऱ्या कितीतरी बायकांच्या बटव्यात नोटेपेक्षा चिल्लर जास्त असते. ज्यांना दहा रुपयांनी फरक पडतो त्यांचेच दहा रुपये आपण काउंटरवर अडवतो. माणूस वाद घालत नाही. ‘बरं’ म्हणतो, नाणी परत फडक्यात बांधतो आणि वस्तू ठेवून जातो. बिस्किटाचा पुडा असेल तर एक वेळ ठीक, पण तू औषधं विकतेस.

कायदा काय म्हणतो तेही तुला माहीत हवं, म्हणजे दोन्ही बाजूंनी बोलता येईल. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे एक रुपया आणि त्यावरची नाणी १,००० रुपयांपर्यंतच्या रकमेसाठी कायदेशीर आहेत, आणि ५० पैशांची १० रुपयांपर्यंत. म्हणजे कुणी पोत्यात भरून पाच हजारांची नाणी आणली तर ‘सगळी घ्याच’ असा त्याचा हक्क नाही. पण गोळ्यांचे साठ-सत्तर रुपये नाण्यांत देणारा माणूस पूर्ण हक्कानं देतो आहे. हे मालकांना सांगताना कायद्याचा धाक घालू नकोस. धाकानं चिठ्ठी निघेल, पण मग ‘सुट्टे नाहीत’ म्हणून तेच चालू राहील.

बाकीच्या चलनाचंही थोडं सांगून ठेवते, कारण गल्ल्यावर काहीही येतं.

वीसचं नाणं २०२० पासून हातात आलं. ते गोल नाही, त्याला बारा कडा आहेत आणि वर धान्याची नक्षी. रुंदी दहाच्या नाण्याएवढीच, २७ मिलिमीटर, त्यामुळे घाईत दहाचं समजून गल्ल्यात टाकशील आणि गिऱ्हाइकाचं नुकसान होईल. अंगठा कडेवरून फिरवायची सवय लाव. अंध गिऱ्हाईक येतं तेव्हा तेही तसंच ओळखतं. त्याच्या हातात सुटे पैसे देताना एकेक नाणं वेगळं ठेव, सगळी एकदम ओतू नकोस.

२५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून बाद झाली. ५० पैसे झालेले नाहीत, जरी कुणी विश्वास ठेवत नसलं तरी. एक रुपयाची नोट दिसली तर दचकू नकोस. मधे बरीच वर्षं छपाई बंद होती, २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाली. ती रिझर्व्ह बँकेची नसते, तिच्यावर ‘भारत सरकार’ असतं आणि सही वित्त सचिवांची. नंबरात अक्षरांनंतर चांदणी असलेली नोटही खरीच. छापताना खराब झालेल्या नोटेच्या जागी बंडलात घालायला अशा नोटा २००६ पासून काढतात. २०२३ मध्ये तिच्याबद्दलही खोटी असल्याची हूल उठली होती आणि रिझर्व्ह बँकेनं ती खोडून काढली.

फाटक्या नोटेचं मात्र जरा समजून घे. चिकटपट्टी लावलेली नोट दुकानानं घेतलीच पाहिजे असं मी म्हणणार नाही. पण ‘नाही’ म्हणून हात झटकण्याऐवजी गिऱ्हाइकाला एवढं सांग, की बँकेत बदलून मिळते, त्यासाठी तिथे खातं असावं लागत नाही. वीस रुपयांपर्यंतच्या नोटेचा निम्म्याहून मोठा तुकडा असेल तर पूर्ण पैसे मिळतात. पन्नास आणि त्यावरच्या नोटेला ८० टक्क्यांहून मोठा तुकडा लागतो. ४० ते ८० टक्के असेल तर निम्मे पैसे, त्याखाली काही नाही. किती तरी माणसं दोन तुकडे झालेली शंभराची नोट वाया गेली समजून घडी घालून देवाजवळ ठेवून देतात. दोन्ही तुकडे घेऊन बँकेत गेलं की काम होतं.

दोन हजाराची नोट घेऊन कुणी आलं तर घेऊ नकोस, कारण तुमच्या मालकांना ती आता बँकेत भरता येणार नाही. मे २०२३ मध्ये ती चलनातून मागे घेतली आणि बँकांमधली मुदत ७ ऑक्टोबर २०२३ ला संपली. तरी ती बाद झालेली नाही. रिझर्व्ह बँकेच्या मुंबई, बेलापूर किंवा नागपूरच्या कार्यालयात, किंवा टपालानं पाठवून, पैसे खात्यात जमा होतात. जुन्या साडीच्या घडीत सापडलेली अशी नोट घेऊन म्हातारी बाई उभी राहिली तर ही तीन गावांची नावं एका चिठ्ठीवर लिहून तिच्या हातात दे. घरातलं शिकलेलं माणूस पुढचं बघेल.

आता तुमच्या दुकानाचं. मालक वाईट नाहीत, हे तुझ्या बोलण्यावरून कळतंच. त्यांचीही अडचण तीच असणार, नाणी साठली तर करायचं काय. त्याचा रस्ता आहे. दहाची शंभर नाणी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, म्हणजे हजार रुपये. अशा शंभर-शंभरच्या पिशव्या करून नेल्या तर कॅशियरला सोयीचं जातं आणि बँकेनं त्या घ्याव्यात असं रिझर्व्ह बँकेचंच सांगणं आहे. महिनाअखेरी नेऊ नका, पगाराची गर्दी असते. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर जा, तेव्हा काउंटरला जरा उसंत असते. काउंटरवरचा मुलगा नवा असला आणि ‘नाही’ म्हणाला तर तिथेच हुज्जत न घालता थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये जायचं आणि नकार लेखी मागायचा. लेखी नकार कुणी देत नाही, हे माझ्या नोकरीच्या अनुभवावरून सांगते.

शिवाय आलेली सगळी नाणी बँकेतच न्यायला हवीत असंही नाही. सुट्ट्यांसाठी तुम्ही रोज अडता, हे तूच मागे म्हणाली होतीस. नव्वद रुपयांच्या बिलाला शंभराची नोट आली की खोकल्याच्या गोळ्या हातात कोंबण्याऐवजी दहाचं नाणं परत देता येईल. कुणी कुरकुर केली तर ‘आम्ही घेतो, पुढच्या वेळी आम्हालाच द्या’ म्हणून सांग. बँकेत असताना मी बाजारातल्या एका किराणावाल्याला हेच करायला सांगितलं होतं. हळूहळू शेजारची दोन-तीन दुकानं घ्यायला लागली, कारण नाणी खपवायची जागा झाली होती.

येत्या पंधरवड्यात मी तुमच्याकडे येणारच आहे. तोवर मालकांशी बोल, माझं नाव सांगितलंस तरी चालेल. शंभरच्या पिशव्या बांधून ठेव, खात्याची स्लिप भरून त्यावर मालकांची सही घे आणि पहिली खेप आपण दोघी मिळून भरून येऊ. किती पिशव्या होतील ते आधी फोनवर कळव, म्हणजे त्या हिशेबानं वेळ काढून येते.

तुझी,
मावशी