बाजीराव

बोरिवलीच्या नॅशनल पार्कात व्याघ्रसफारीची जाळीची बस थांबली की पोरं एका सुरात ओरडायची, "पांढरा! पांढरा!" मग पिवळ्या वाघाकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे. मीही पाहिलं नाही. बाजीराव सावलीत अंग टाकून पडलेला असे. निळसर डोळे, दुधावर तपकिरी पट्टे ओढावेत तसं अंग.

2001 साली तो याच उद्यानात जन्मला आणि एप्रिल 2019 मध्ये, अठराव्या वर्षी, तिथंच गेला. कुंपणाबाहेरच्या जंगलात बिबटे मोकळे हिंडायचे. त्याच्या वाट्याला ते जंगल कधी आलं नाही. तो गेल्यावर दुर्मीळ जातीचा वाघ गेला म्हणून लोक हळहळले. हळहळ खरी होती, पण ती वेगळी जात नव्हती. पट्टेरी वाघाच्याच एका जनुकातला बारीकसा बदल, तो आई आणि बाप दोघांकडून आला तरच पिल्लू पांढरं होतं. जंगलात असा योग क्वचितच जुळतो. पिंजऱ्यात तो माणसानं जुळवून आणला.

प्राणिसंग्रहालयांतल्या बहुतेक पांढऱ्या वाघांची कहाणी रीवा संस्थानातल्या मोहनपाशी पोचते. मे 1951 मध्ये महाराजा मार्तंडसिंहांनी तो बछडा पकडून गोविंदगडच्या वाड्यात ठेवला. बेगम नावाच्या पिवळ्या वाघिणीपासून त्याला झालेली सगळी पिल्लं पिवळीच निघाली. मग त्याला त्याच्याच लेकीशी, राधेशी जुळवलं आणि ऑक्टोबर 1958 मध्ये चार पांढरी पिल्लं जन्मली. त्यातली मोहिनी 1960 साली वॉशिंग्टनला गेली. तिथं तिचा जोडीदार झाला सॅमसन, म्हणजे राधेचा सख्खा भाऊ. मोहिनीचा तो मामा, आणि बाप एकच म्हणून सावत्र भाऊसुद्धा. त्यानंतर तिला तिच्या पोटच्या मुलाशी, रमणाशी जुळवण्यात आलं. ही नाती लिहितानाही हात अडखळतो.

गावाकडचा शेतकरी काही वर्षांनी वळू बदलतो, कारण त्याच्याच कालवडी आता माजावर येणार असतात. एवढं शहाणपण गोठ्यात होतं, ते गोविंदगडच्या वाड्यात आणि वॉशिंग्टनच्या संग्रहालयात कसं नव्हतं? जवळच्या रक्तात दोष दबून राहत नाहीत. दोन्हीकडून तोच बिघाड आला की तो उघडा पडतो: पिल्लं लवकर दगावतात, रोगाशी झुंजायची ताकद घटते. पांढऱ्या वाघांच्या तिरळेपणाचं मूळ मात्र थेट त्या रंगाशीच जोडलेलं आहे. डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसांची वाटच चुकते. म्हणजे नवं रक्त आणलं तरी पांढरेपणाबरोबर तो धोका येतोच. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेनं 2011 मध्ये आपल्या सदस्यांना ही पैदास थांबवायला सांगितलं. फार उशीर झाला होता, तरी ते योग्यच होतं.

बंदिवासातली पैदास मुळातच वाईट, असं मी म्हणणार नाही. संकटातल्या कितीतरी प्राण्यांना तिनंच वाचवलं आहे. पण तिथं प्रत्येक जिवाची वंशावळ लिहून ठेवतात आणि नात्यानं सर्वांत लांबची जोडी निवडतात, म्हणजे मोजक्या पूर्वजांकडून आलेली विविधता हातची जाऊ नये. पांढऱ्या वाघाच्या बाबतीत निवड झाली ती रंगाची. तिकीट काढून तो रंग पाहायला आम्ही रांगा लावल्या, त्या रांगेत मीही होतो.

बाजीरावाला शेवटचं पाहिलं तेव्हा तो पाण्याशी आला होता. मान खाली घालून बराच वेळ पाणी पीत राहिला. पोरं जाळीला चिकटून ओरडत होती. पाणी पिऊन झाल्यावर तो वळला आणि जड पावलांनी पुन्हा सावलीत जाऊन बसला.