भिंतीची कमाई

ग्रँट हॅकेट या ऑस्ट्रेलियन जलतरणपटूच्या नावापुढे 2001 सालचे दोन आकडे आहेत. जुलैच्या अखेरीस जपानमधल्या फुकुओका इथे, 50 मीटरच्या तलावात, 1500 मीटर फ्रीस्टाइल : 14 मिनिटं 34.56 सेकंद. लगेच ऑगस्टमध्ये पर्थला, 25 मीटरच्या तलावात, तेवढंच अंतर : 14 मिनिटं 10.10 सेकंद. दोन्ही वेळा जागतिक विक्रम. माणूस तोच, अंतर तेच, तयारीही तीच. मग जवळजवळ साडेचोवीस सेकंद कुठून आले?

भिंतीतून. लांब तलावात त्याला 29 वेळा वळावं लागलं, आखूड तलावात 59 वेळा. तीस भिंती जास्त मिळाल्या आणि प्रत्येकीने सरासरी आठ दशांश सेकंद पदरात टाकले.

रोज सकाळी टँकवर जाणाऱ्या हौशी माणसाला हा हिशेब उफराटा वाटतो. त्याच्या लेखी भिंत म्हणजे खोळंबा : हात लावा, डोकं बाहेर काढा, गॉगल सारखा करा, घड्याळ बघा, मग निघा. पण पाण्यात रेटा द्यायला घट्ट असं काही नसतंच. हाताने पाणी मागे लोटावं तर ते सरकतं आणि बरीचशी मेहनत त्याला ढवळण्यात जाते. भिंत तेवढी जागची हलत नाही. तिच्यावर मांड्यांचं सगळं बळ टेकवता येतं. म्हणूनच, सुरुवातीचा सूर सोडला, तर शर्यतीतला सगळ्यात मोठा वेग पाय भिंतीपासून सुटतानाचा असतो. पुढे हातपाय मारून तो वाढवता येत नाही, जमेल तेवढा टिकवता येतो.

हे फ्लिप टर्नवाल्यांना, म्हणजे भिंतीपाशी पाण्यात कोलांटी घेऊन वळणाऱ्यांना, लवकर उमगलं. शिकागोचा अडॉल्फ कीफर 1936 साली बर्लिनला 100 मीटर बॅकस्ट्रोकचं सुवर्णपदक घेऊन गेला, तो असं वळणाऱ्या पहिल्या पिढीतला. 2007 साली मेलबर्नला मायकल फेल्प्सने 200 मीटर फ्रीस्टाइलमध्ये इयन थॉर्पचा विक्रम मोडला. त्या शर्यतीतलं शेवटचं वळण पाहण्यासारखं आहे. बाकीचे वर येऊन हात मारू लागले तरी हा पाण्याखालीच, दोन्ही पाय जोडून लाटेसारखी किक मारत असलेला, आणि वर आला तो सगळ्यांच्या पुढे. पाण्याखाली किती राहायचं यालाही नियम आहे : भिंतीपासून 15 मीटरच्या आत डोकं बाहेर आलं पाहिजे. माणसं पाण्याखालीच शर्यती जिंकू लागली, तेव्हा हा नियम करावा लागला.

महाराष्ट्रात मात्र पोहण्याची गोष्ट भिंतीपासून सुरू होत नाही, विहिरीपासून होते. मे महिन्यात पाठीला पांगाऱ्याचा बिंडा किंवा पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा आणि मामाने किंवा थोरल्या चुलतभावाने पोराला उचलून सरळ पाण्यात टाकायचं, हा अभ्यासक्रम. गटांगळ्या खात पोर कडेला येतं, दगडांच्या सांदीत बोटं अडकवतं किंवा पंपाच्या पाइपला मिठी मारतं, आणि वरून ओरडा येतो, ‘सोड, सोड तो पाइप!’ चारआठ दिवसांत बिंडा सुटतो. मग खरी मजा. कठड्यावरून सूर मारायचा, गुडघे पोटाशी घेऊन मुटका मारून काठावरच्यांना भिजवायचं, हवेत कोलांटी घ्यायची, बुडी मारून तळाचा गाळ मुठीत आणून दाखवायचा. या विद्यापीठात अंतराला काही किंमत नव्हती. वीसपंचवीस फुटांच्या घेरात जाणार तरी कुठे? साताऱ्याजवळच्या लिंब गावातली बारा मोटेची विहीर तर अष्टकोनी. तिथे समोरची भिंत कोणती, हेच आधी ठरवावं लागेल. विहिरीत पोहणं म्हणजे उंचीशी आणि खोलीशी चाललेला खेळ होता, आणि दम संपला की हाताला लागणारी दगडी कड म्हणजे जीव वाचला.

शरीर हे विसरत नाही. विहिरीत शिकलेला पन्नाशीचा गृहस्थ शहरातल्या टँकमध्ये सफाईने पोहतो, पण भिंत जवळ आली की त्याचा हात आपोआप कड शोधतो. गंमत अशी की कोलांटी त्याला मुळातच येत असते. पोरवयात कोलांट्या मारून त्याने अख्खी विहीर ढवळलेली असते. अडतो तो भिंतीपाशी सुटका मानण्याच्या सवयीत. ज्याने लहानपणी मुटका मारला, त्याला फ्लिप टर्न शिकवायला कोचला निम्मा वेळ पुरावा, असं मानायला जागा आहे.

बाकीच्यांना वेळ लागतो. पुण्यामुंबईच्या कुठल्याही टँकवर सकाळच्या बॅचला हा पाठ ऐकू येतो. ‘काकू, भिंतीकडे बघू नका. खाली बघा.’ तळाची काळी रेघ भिंतीच्या 2 मीटर अलीकडे संपते आणि तिथे आडवी पट्टी असते. डोळ्यांनी धरायची ती खूण हीच. मान वर करून भिंत बघितली की कंबर बुडते, आणि बुडालेली कंबर कोलांटीत वर येत नाही. आडव्या पट्टीवर आल्यावर श्वास घेण्याचा मोहही टाळायचा. शेवटच्या स्ट्रोकला दोन्ही हात मांड्यांपाशी, हनुवटी छातीला, एक छोटी डॉल्फिन किक, की शरीर आपण होऊन उलटतं. तळवे डोक्याकडे पाणी ओढून उरलेलं वळण पुरं करतात. हात भिंतीला लावायचा नसतो. फ्रीस्टाइलमध्ये शरीराचा कुठलाही भाग भिंतीला लागला तरी नियमाला पुरतं, म्हणून फक्त तळपाय लागतात.

काकूंची खरी तक्रार नाकाची असते. उलटं झाल्यावर नाकात पाणी जातं आणि डोक्यापर्यंत झिणझिण्या येतात. रक्ताच्या मानाने टँकच्या पाण्यात क्षार फार कमी, म्हणून नाकाचं अस्तर चुरचुरतं. मीठ घातलेल्या कोमट पाण्याने जलनेती करणाऱ्यांना तो त्रास होत नाही, याचं कारण हेच. उपाय साधा : कोलांटीभर नाकातून ‘हंऽऽ’ करत हवा सोडत राहायची. नाकाला चिमटा लावूनही भागतं, पण ‘हंऽऽ’ जास्त देखणं.

नेटाने शिकणारेही पुढच्या टप्प्यावर फसतात. पाय भिंतीला लागताच त्यांना पालथं व्हायची घाई होते. ‘पाठीवरच सुटा, कूस मग बदला.’ कोलांटीत पिळा घातला की वेळ जातो आणि दिशाही चुकते. पाय पाण्याच्या पातळीपासून फूटभर खाली, खांद्याइतके फाकलेले, बोटं आकाशाकडे. गुडघे फार मुडपले तर भिंत सोडायला उशीर होतो, फार सरळ राहिले तर रेटाच बसत नाही. मग हातावर हात, दंड कानांच्या मागे, आणि सुटताना कूस वळवत पालथं व्हायचं. वर आल्यावर पहिल्याच स्ट्रोकला श्वास घ्यायचा नाही. ही शेवटची सूचना सगळ्यात सोपी आणि सगळ्यात कमी पाळली जाणारी.

कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने 2010 च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं ते 50 मीटर बटरफ्लायमध्ये, म्हणजे एकाच दमात, एकही वळण नसलेल्या शर्यतीत. त्याचं कौतुक करून थकायला नको. पण लांब पल्ल्याचा पोहणारा घडायचा, तर हजारो भिंती लागतात, आणि त्या सरळ असाव्या लागतात. नव्या गृहसंकुलांच्या जाहिरातीत झळकणारे वाकडेतिकडे, मध्ये कारंजं असलेले तलाव फोटोपुरते ठीक. तिथे टर्न मारायचा तर कशावर?

आणि जिथे भिंती सरळ आहेत, तिथे त्या मोकळ्या नाहीत. पाऊण तासाची बॅच, आणि उथळ टोकाला भिंतीला पाठ लावून उभी असलेली मंडळी : कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाचा गुडघा, कुणाचं पार्किंग. गप्पांना कुणाची हरकत नाही. फक्त लेनच्या मध्यावर नको. कोपऱ्यात, दोरीला चिकटून उभं राहावं आणि मधली हातभर भिंत वळणाऱ्यांसाठी रिकामी ठेवावी.