मे महिन्यातली थंडी

ऑइल घेताना माझे वडील डब्यातला एक थेंब अंगठा आणि तर्जनीत धरून बोटं हळूच लांब करायचे. पाकाची बघावी तशी तार बघायचे. तार लांब, तर ऑइल चांगलं. त्यांनी जन्मभर जीप चालवली, 20डब्ल्यू-40 शिवाय दुसरं काही घातलं नाही आणि त्या इंजिनाने कधी दगा दिला नाही. ऑइल जाड हवं, हे मी असं बोटांतून शिकलो. त्यावर शंका घ्यावी असं कधी मनातही आलं नाही.

पुढे मी पेट्रोल कार घेतली. मॅन्युअलमध्ये 0डब्ल्यू-20 लिहिलेलं. डब्ल्यू म्हणजे विंटर, एवढं ठाऊक होतं. अकोल्यात बर्फ कुठला? मे महिन्यात पारा 45 ला टेकतो. हे थंड देशांचं ऑइल, नाहीतर मायलेज वाढवून दाखवायची युक्ती, असं ठरवून मी वॉरंटी संपताच 20डब्ल्यू-50 घालायला लागलो. तेही महागातलं, सिंथेटिक. सिंथेटिक आहे म्हणजे चिंता मिटली, असं वाटायचं. मेहुण्याला आणि ऑफिसातल्या दोघांनाही छातीठोकपणे तोच सल्ला दिला.

सकाळी गाडी सुरू केली की चार-पाच सेकंद टॅपेट वाजायचे. टक टक टक, मग शांत. मला वाटलं, ऑइल अजून जाड हवं. गेल्या मे महिन्यात वेगवेगळ्या ऑइलचे तांत्रिक तक्ते घेऊन बसलो, ते आणखी जाड निवडायलाच. तक्त्यात जाडी दोन तापमानांना दिलेली असते, 40 अंश आणि 100 अंश. 40 अंशांना माझं ऑइल दीडशे सेंटिस्टोकच्या पुढे होतं. 0डब्ल्यू-20 पंचेचाळीसच्या आसपास.

त्या 40 वर माझी नजर अडली. खिडकीबाहेर त्या दुपारी तेवढंच ऊन होतं. म्हणजे ऐन मे महिन्यातही माझं इंजिन तिपटीहून जाड ऑइल ओढत सुरू होत होतं. आपल्या अंगाची लाही होते तेव्हाही बंद इंजिन गारठलेलंच असतं, कारण त्यातल्या ऑइलचं कामाचं तापमान 100 च्या घरातलं. सुरू होताना पंपाने ऑइल झटकन वर, कॅमशाफ्टपर्यंत पोचवायला हवं. तोवर आधीच्या पातळ थरावरच भागवावं लागतं. ते टक टक म्हणजे ऑइलची वाट बघणं होतं.

आणि गरम झाल्यावर? बाहेर 12 अंश असोत की 45, थर्मोस्टॅट कूलंटला साधारण 90 च्या आसपास ठेवतो. 100 अंशांना 20 ग्रेडचं ऑइल 6.9 ते 9.3 सेंटिस्टोक असतं, 50 चं 16.3 च्या वर. माझ्या इंजिनातल्या फटी आणि ऑइलच्या वाटा पहिल्यासाठी आखलेल्या. व्हॉल्व्हची वेळ पुढेमागे करणारी यंत्रणासुद्धा ऑइलच्याच दाबावर चालते. पातळ ऑइलमागे मायलेजचा हिशेब आहेच, पण तेवढाच नाही. सिंथेटिक हा शब्द ऑइल कशापासून बनलंय ते सांगतो. जाडी ग्रेडच सांगतो. महाग असलं तरी माझं 20डब्ल्यू-50 ते 20डब्ल्यू-50 च होतं.

ऑइल आणि फिल्टर बदलले. आता सकाळी जेमतेम एक टक ऐकू येतो. मधल्या काळात आत किती झीज झाली, ते इंजिन उघडल्याशिवाय कळणार नाही, आणि त्याची रुखरुख आहे.

तिघांनाही फोन केले. मेहुण्याच्या जुन्या डिझेल गाडीच्या पुस्तकात 15डब्ल्यू-40 आहे. त्याला तेच घालायला सांगितलं, माझं नव्हे. ऑफिसातला एक जण उरलेलं 0डब्ल्यू-20 त्याच्या स्प्लेंडरसाठी मागत होता, त्याला नाही म्हटलं. बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, कारच्या ऑइलने तो घसरू शकतो. तिला जासो एमए लिहिलेलं 10डब्ल्यू-30 च हवं.

वडिलांनी नव्या ऑइलचा थेंब बोटांत धरला. "याला तर तारच नाही रे," म्हणाले. मी मॅन्युअलचं पान उघडून त्यांच्या हातात दिलं आणि चष्मा आणायला आत गेलो.