वसईचा तट आणि सहीचा कागद

वसईच्या किल्ल्यात तटाच्या कडेला बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने सुरुंगांनी भगदाडे पाडून, जिवावर उदार होऊन हा तट सर केला. आज तेथे फिरणारे ज्येष्ठ नागरिक आपले गुडघे आणि तोल पाहूनच पाऊल टाकतात. तेथील जबाबदारी मुख्यतः आपलीच, कारण शेवाळलेला दगड डोळ्यांना दिसतो.

नातवंडे मात्र हल्ली छताखालच्या कृत्रिम भिंतींवर चढतात. तेथे दोर किती झिजला आहे, हे सोबत गेलेल्या आजोबांना कळत नाही. त्यांच्यापुढे येतो तो 'स्वतःच्या जबाबदारीवर' असे छापलेला कागद. चढण्यातला स्वाभाविक धोका सहीने आपण पत्करतो. चालकाचा निष्काळजीपणा नव्हे. सही झाली म्हणून २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागण्याचा मार्ग बंद होत नाही. परंतु मुलाचा फिट येण्याचा किंवा हृदयाचा विकार आपणच लपवला, तर तो दोष आपला.

मूल पडले आणि मान किंवा पाठ दुखते म्हणाले, तर त्याला उठवून बसवू नये. हलू न देता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. (पाणी पाजण्याची घाईही नको.) सही केलेल्या कागदाची प्रत मात्र आधीच मागून घ्यावी. माझ्या रुग्णांना मी ती औषधांच्या फाइलीतच ठेवायला सांगतो.