ट्रेसकट न्यायचा केक

केक म्हटलं की आपल्याला आठवतो तो गोल, क्रीमची फुलं आणि वर कुणाचं तरी नाव. टेक्सस शीट केकला असले नखरे नाहीत. उथळ ट्रेमध्ये भाजायचा, वर चॉकलेट ओतायचं आणि ट्रेसकट न्यायचा. चर्चच्या जेवणाला, नाहीतर कुणी गेलं असेल त्या घरी. म्हणून तिकडे याला चक्क ‘फ्युनरल केक’ही म्हणतात!

डॅलसला माझ्या मावसबहिणीचे सासरे गेले, तेव्हा शेजारीण असाच ट्रे घेऊन दारात उभी. आपल्याकडे सुतकात गोड चालत नाही, शेजारून येतं ते पिठलं-भात. ताईला काय बोलावं कळेना. शेजारीण ट्रे ओट्यावर ठेवून गेली. परत द्यायची घाई नाही, म्हणाली. रात्री सासूबाईंनीच चहाबरोबर तुकडा मागितला.

रेसिपी मला ताईनेच दिली. घरच्या ओव्हनसाठी ही निम्मी. अर्धा कप बटर, तेवढंच पाणी आणि दोन मोठे चमचे कोको उकळून एकेक कप मैदा-साखरेवर ओता. मग पाव कप दाट ताक (जेवणातलं पातळ नको), एक अंडं, अर्धा छोटा चमचा खायचा सोडा. फेटणं-बिटणं नाही. ९ बाय १३ इंची ट्रे, १८० अंश, साधारण २० मिनिटं. वरचं चॉकलेट म्हणजे बटर, कोको, दूध उकळून त्यात आयसिंग शुगर. केक गरम असतानाच ओता, गार झाल्यावर ते नीट पसरत नाही. पेकन महाग पडतात, मी अक्रोड घालते.

गेल्या महिन्यात मैत्रिणीची आई गेली. दिवस झाल्यावर हाच केक घेऊन गेले. ट्रे अजून तिच्याकडेच आहे.